स्लाव भाषांची त्रिभागणी : भूगोल आणि इतिहास

स्लाव भाषांचे पूर्व, पश्चिम व दक्षिण असे तीन गट पाडण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. रशियन, युक्रेनियन, बेलारूसी या पूर्वेच्या. पोलिश, चेक, स्लोव्हाक या पश्चिमेच्या. स्लोव्हेनियन, सर्बियन, क्रोएशियन, बल्गेरियन इत्यादी दक्षिणेच्या. गटांची नावे दिशांवरून पडली असली, तरी त्यांच्या सीमा इतिहासाने घडविल्या आहेत.

नवव्या शतकाच्या अखेरीस मग्यार टोळ्या पॅनोनियाच्या मैदानात शिरल्या. पुढे जर्मन, हंगेरियन व रुमानियन भाषांच्या सलग पट्ट्याने दक्षिण स्लाव उत्तरेकडील स्वभाषाकुळापासून तुटले. तत्पूर्वीच्या सान्निध्याची खूण शब्दांत टिकून आहे. गाईला रशियनमध्ये 'कोरोवा', पोलिशमध्ये 'क्रोवा', तर चेक व सर्बियनमध्ये 'क्रावा' म्हणतात. येथे चेक भाषा आपल्याच गटातील पोलिशशी न जुळता दक्षिणेच्या सर्बियनशी जुळते.

पुढच्या काळातील दुभंग निराळा आहे. १८५० च्या व्हिएन्ना करारात काही सर्ब व क्रोएट विद्वानांनी सामाईक वाङ्मयीन भाषेचा पुरस्कार केला. १९९१ पासून युगोस्लाव्हिया विघटित होत गेला आणि एकाच बोलीच्या पायावर सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन व माँटेनेग्रिन अशा चार प्रमाणभाषा मानल्या जाऊ लागल्या. ही सीमा राज्यांनी आखली. बोस्नियात जन्मलेले, १९६१ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी इव्हो आंद्रिच यांच्यावर बोस्नियन, क्रोएशियन व सर्बियन या तिन्ही वाङ्मयपरंपरा हक्क सांगतात. भाषावार मांडलेल्या वाङ्मयेतिहासात त्यांना एकच स्थान देता येत नाही.