आज्जीचं नाव कुणाच्या वहीत होतं?

निपाणी म्हटलं की लोकांना १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवतं. बरोबरच आहे. शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. पण त्याच गावात, त्याच तंबाखूच्या धंद्यात बायकांचा लढा त्याच्या आधीच सुरू झाला होता. तो आपल्या घरांत फारसा निघत नाही. आपल्यापैकी काहींची घरं वखारवाल्यांची, काहींची वखारीत जाणाऱ्यांची. मग विषय टाळलेलाच बरा वाटतो.

मी पुण्यात एका कंपनीत एचआर बघते. नव्या मुलांना पहिल्यांदा एकच गोष्ट शिकवते : मालक कोण आणि कामगार कोण, हे आधी ठरवा. पगार, रजा, पीएफ सगळं त्याच्या मागून येतं. पुस्तकात ही दोन ओळींची व्याख्या आहे. निपाणीत त्यासाठी वर्षं गेली.

माझी आज्जी घरी बिड्या वळायची. ठेकेदाराकडून पान, जर्दा आणि दोरा आणायचा, पान भिजवायचं, मापाने कापायचं, वळायचं, बांधायचं. मजुरी हजारावर. पान कमी पडलं तर पदरच्या पैशाने घ्यायचं. माल द्यायला गेलं की छाट निघायची; छाटलेल्या बिड्यांची मजुरी नाही, आणि त्या बिड्या परतही मिळायच्या नाहीत! त्यात आज्जीचं काम थोरल्या जावेच्या वहीवर चढायचं. एका वहीत दोघींचे हात. ठेकेदाराला विचारलं तर म्हणायचा, "मावशी, नाव कुणाचं बी असूदे, पैसं घरातच येत्यात की."

खरं तर कायदा आज्जीच्या बाजूने होता. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने कच्चा माल घेऊन घरी विडी वळणाऱ्यालाही कामगार मानलं, आणि ठेकेदाराच्या मागे उभ्या असलेल्या मूळ मालकाला जबाबदार धरलं. वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा. सहा महिने काम झालेल्या माणसाला सबळ कारणाशिवाय काढायचं नाही, आणि काढलं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. राज्याच्या नियमांत छाटीलाही लगाम होता, साधारण शेकडा ५ च्या वर नाही. कारखानदार कोर्टात गेले. १९७४ साली मंगलोर गणेश बिडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्याच कंपनीने केरळात १९६८ साली कायदा लागू होताना काम बंद केलं होतं, आणि कन्नूरच्या कामगारांनी १९६९ मध्ये स्वतःची दिनेश बिडी सहकारी संस्था काढली. आमच्याकडे असं काही झालं नाही. आमच्याकडे वही जावेच्या नावावरच राहिली.

वखारीतल्या बायकांची गत वेगळी नव्हती. दिवसभर तंबाखू कुटायची, चाळायची, नाकातोंडात धुरळा. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत तंबाखूचे कारखाने पहिल्यापासून आहेत. म्हणजे १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशींबरोबर या बायका रस्त्यावर आल्या तेव्हा बत्तीस वर्षांपूर्वी कागदावर मिळालेलंच मागत होत्या. युगांतर या बायकांच्या फिल्म गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. मिळाला तर बघा, त्यात बायका स्वतः बोलतात. जोशी सर पुढे आमदारही झाले, पण जुन्या बायका त्यांना "सर"च म्हणायच्या.

आणखी एक भानगड सीमेची. १९५६ नंतर आपण म्हैसूर राज्यात, त्यामुळे कामगार खात्याचा कागद कानडीत. आज्जीला मराठीही वाचता यायचं नाही, तेव्हा ती म्हणायची, "मला दोन्ही सारखंच." आई मात्र चिडायची. तिला मराठी वाचता येत होतं ना.

आईने स्वतःच्या नावाची वही मागून घेतली. त्यासाठी तिने चार महिने त्या ठेकेदाराचं काम सोडलं होतं. वही मिळाली म्हणून ओळखपत्र मिळालं. ओळखपत्र मिळालं म्हणून १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीतून दवाखाना आणि माझ्या शाळेला शिष्यवृत्ती. विडी कामगारांना १९७७ पासून पीएफ लागू झाला, आणि घरी वळणाऱ्यांनाही तो आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं. आईचा पीएफ निघाला. आज्जीने तिच्या दुप्पट वर्षं बिड्या वळल्या, तिचा एक रुपया निघाला नाही. थोरल्या आज्जीचा निघाला. त्यातले काही तिने आज्जीच्या हातावर ठेवले, आज्जीने घेतले नाहीत. दोघी त्यानंतर बराच काळ बोलत नव्हत्या.

जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये त्या कल्याण निधीचा उपकर गेला. १९६६ चा कायदा २०२० च्या नव्या संहितेत विरघळला. मी ऑफिसात आता ती संहिताच शिकवते.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव भागात कुणाच्या घरी जुनी मजुरीची वही, ओळखपत्र, पीएफची चिठ्ठी असेल तर टाकू नका. फोटो काढून ठेवा. आणि एकाच वहीत दोघीतिघींचं काम असेल, तर त्या बायका कोण होत्या ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून मागे लिहून ठेवा.