अर्धस्वयंचलित रिमफायर रायफलींची विश्वासार्हता

अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल ही लहान आकाराचे रिमफायर काडतूस वापरणारी आणि प्रत्येक बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचे काडतूस आपोआप भरून घेणारी रायफल होय. चाप एकदा ओढला की एकच बार होतो. पुढच्या बारासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता सलग बार करणाऱ्या स्वयंचलित शस्त्रापासून ती या कारणाने वेगळी ठरते. अशा रायफलीत बहुतेक वेळा .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरले जाते. राष्ट्रीय छात्रसेनेत शिकलेल्यांना ते ‘पॉइंट टू-टू’ या नावाने परिचित आहे.

शस्त्राची विश्वासार्हता आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळी नेमकी कोठे लागते हा अचूकतेचा प्रश्न, तर चाप ओढल्यावर बार होतो की नाही आणि पुढचे काडतूस विनाअडथळा जागेवर येते की नाही हा विश्वासार्हतेचा. रिमफायर काडतूस अचूकतेसाठी नावाजलेले आहे. मात्र ते वापरणारी अर्धस्वयंचलित शस्त्रे मोठ्या काडतुसांच्या शस्त्रांपेक्षा अधिक वेळा अडकतात. याचा ठपका सहसा बंदुकीवर ठेवला जातो, पण मूळ कारण बहुधा काडतुसाच्या घडणीत असते. कोल्हापूरच्या नेमबाजांनी हेच काडतूस हाताने भरायच्या रायफलीत आणि स्वतः भरून घेणाऱ्या पिस्तुलात, अशा दोन्ही प्रकारे जागतिक पातळीवर वापरले आहे. त्यामुळे दोन्ही पद्धतींतील फरक समजून घेण्यास त्यांची उदाहरणे उपयोगी पडतात.

काडतुसाची रचना

रिमफायर काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या तळाशी बाहेर आलेली एक कड असते. तिलाच रिम म्हणतात. ही कड आतून पोकळ असून तिच्यात आघाताने पेट घेणारे मिश्रण भरलेले असते. फायरिंग पिन कडेवर आदळली की कड चेपते, मिश्रण पेटते आणि त्यामुळे दारू जळून गोळी सुटते. मोठ्या काडतुसांत हे मिश्रण तळाच्या मध्यभागी बसवलेल्या स्वतंत्र टोपीत असते. त्यांना सेंटरफायर म्हणतात.

फ्रान्समध्ये लुई फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास घरात नेमबाजीची करमणूक करता यावी म्हणून जे छोटे काडतूस बनवले, ते या कुळाचे मूळ मानले जाते. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट हे काडतूस आणले, तर .२२ लाँग रायफल १८८७ मध्ये बाजारात आले. त्या वेळी त्यात काळी दारू भरत आणि ते हाताने भरायच्या बंदुकीसाठी योजलेले होते. आपोआप भरणारी रिमफायर रायफल यानंतर सुमारे दीड दशकाने आली. म्हणजे यंत्र काडतुसाला जुळवून घ्यावे लागले. काडतूस यंत्रासाठी कधीच घडवले गेले नव्हते. पुढच्या बहुतेक अडचणी येथूनच निघतात.

भरलेल्या .२२ लाँग रायफल काडतुसाची लांबी सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच असते. गोळी शिशाची असून तिचे वजन साधारणतः २.६ ग्रॅम भरते. स्पर्धेसाठीच्या काडतुसात ती नळीतून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने बाहेर पडते. तिची ऊर्जा त्या वेळी १४० ज्यूलच्या आसपास असते. भारतीय सैन्याच्या इन्सास रायफलीची गोळी जाडीला जवळजवळ एवढीच असूनही तिची ऊर्जा याच्या दहापटीहून अधिक आहे. केवळ ‘बावीस’ या आकड्यावरून दोहोंची गल्लत करणे चुकीचे आहे.

अडण्याची कारणे

पहिला दोष ठिणगीचा. रिमफायर काडतूस तयार करताना ओलसर मिश्रण पुंगळीत टाकून ती वेगाने फिरवतात, म्हणजे ते कडेच्या पोकळीत सर्वत्र पसरते. एखाद्या ठिकाणी मिश्रण कमी पडले आणि फायरिंग पिन नेमकी तेथेच आदळली, तर बार होत नाही. मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसात असा ‘रिकामा कोपरा’ संभवत नाही. स्वस्त काडतुसांत फुसकी निघणाऱ्यांचे प्रमाण अधिक असते, याचे हे प्रमुख कारण होय.

दुसरे कारण कडेच्या आकाराचे. पेटीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक रचली जातात. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली, तर बोल्टने पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची कड आधीच्या कडेच्या पुढे राहील याची काळजी घ्यावी लागते. शिवाय गोळी मऊ शिशाची असल्यामुळे चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसण्याच्या जागेच्या, काठाला घासून तिचे टोक चेपते व काडतूस तिरके होऊन बसते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. या रायफलींत बोल्ट कोणत्याही खटक्याने बंद केलेला नसतो. केवळ स्वतःच्या वजनाने आणि मागच्या स्प्रिंगच्या जोराने तो जागेवर राहतो. बार होताच पुंगळी मागे ढकलली जाते, ती बोल्टला मागे लोटते, पुंगळी बाहेर पडते आणि स्प्रिंग बोल्टला परत आणताना नवे काडतूस आत सारते. हे सारे काम १४० ज्यूलच्या दुबळ्या काडतुसाच्या उरल्यासुरल्या जोरावर व्हायचे असते. बोल्ट जड किंवा स्प्रिंग ताठ असेल तर तो पुरेसा मागे जात नाही आणि पुंगळी अर्ध्यातच अडकते. उलट बोल्ट फार हलका असेल तर नळीतील दाब उतरण्यापूर्वीच पुंगळी बाहेर येऊ लागते आणि तिचे पातळ पितळ फाटू शकते. कड पिनेने चेपली जावी यासाठी हे पितळ पातळच ठेवावे लागते. म्हणून यंत्र एका ठरावीक जोराच्या काडतुसासाठी जुळवलेले असते. एकाच रायफलीत एका कंपनीची काडतुसे शेकडोंनी निर्वेध चालतात आणि दुसऱ्या कंपनीची दर दहा-बारा बारांमागे अडतात, असा अनुभव त्यामुळेच येतो. ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसे अचूक असली, तरी कित्येक अर्धस्वयंचलित रायफलींना ती पुरेसा धक्का देत नाहीत.

याशिवाय मळ आहेच. गोळीवर मेणाचा किंवा चरबीचा थर असतो. जळलेली दारू, मेण आणि शिसे यांचे मिश्रण चेंबरमध्ये व बोल्टच्या तोंडावर साचते. बोल्ट बंद नसल्याने काही धूर मागेही येतो. हाताने ओढायच्या बोल्टला हा चिकटपणा बोटांना जाणवतो आणि नेमबाज थोडा अधिक जोर लावतो. आपोआप चालणाऱ्या बोल्टला अधिक जोर कोण लावणार?

उपाययोजनांचा इतिहास

विंचेस्टर कंपनीच्या १९०३ सालच्या रायफलीत या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर दिसते. त्या काळी काळ्या दारूची काडतुसे सर्रास मिळत आणि त्यांच्या काजळीने यंत्र हमखास अडले असते. कंपनीने या रायफलीसाठी थोडे जाड, केवळ धूररहित दारूचे वेगळेच काडतूस काढले, नेहमीचे.२२ काडतूस तिच्यात बसतच नसे. रायफल चालली, परंतु ग्राहकाला एकाच काडतुसाला बांधून ठेवणारा हा उपाय टिकला नाही. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बेल्जियमच्या एफएन कारखान्याने १९१४ च्या सुमारास बनवलेल्या रायफलीने सामान्य .२२ काडतूस स्वीकारले. तिची पुंगळी खालच्या बाजूने बाहेर पडते.

पुढील काळात लक्ष मॅगझिनकडे वळले. १९६० मध्ये आलेल्या मार्लिन मॉडेल ६० या रायफलीत काडतुसे नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक राहतात. त्यामुळे कडा एकमेकींत अडकत नाहीत. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या तळाच्या मध्यभागी टेकते, पण स्फोटक मिश्रण कडेला असल्याने धोका उद्भवत नाही. रिमफायरच्या रचनेचा असा फायदा क्वचितच दिसतो. १९६४ च्या रूगर १०/२२ रायफलीत दहा काडतुसे एका फिरत्या चक्राच्या खाचांत सुटी बसतात. या दोन्ही रायफली लाखोंच्या संख्येने खपल्या, आणि रिमफायर अर्धस्वयंचलित रायफल मुळातच बेभरवशाची असते हा समज त्यांनी बराच खोटा ठरवला. काडतुसे तीच होती; फरक पडला तो त्यांना चेंबरपर्यंत नेण्याच्या वाटेत.

कोल्हापूरचे नेमबाज आणि .२२ काडतूस

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर रायफल प्रकारात अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. प्रत्येक गोळी हाताने भरायची एकबारी रायफलच वापरावी लागते. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. येथे वेगाने भरण्याचा काही लाभ नसतो. उलट पक्का बंद होणारा बोल्ट आणि हाताने अलगद सारलेले, टोक न चेपलेले काडतूस यांचा उपयोग होतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक होय. दोघांचीही पदके .२२ लाँग रायफल काडतुसावरची आहेत, आणि दोघांनीही ते एकेक करून हाताने भरले.

राही सरनोबत यांचे शस्त्र याच काडतुसाचे असले तरी पद्धत वेगळी आहे. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पाच काडतुसांचे मॅगझिन असलेले पिस्तूल वापरले जाते, आणि ते बहुधा अर्धस्वयंचलित असते. पात्रता फेरीत साठ गोळ्या असतात. त्यांपैकी शेवटच्या तीस गोळ्यांसाठी लक्ष्य दर वेळी केवळ तीन सेकंद खुले राहते आणि मध्ये सात सेकंदांची विश्रांती असते. दरम्यान हात खाली ४५ अंशांत धरायचा असतो. पुंगळी अडकली तर ती गोळी हुकते आणि मालिका तेथेच तुटते. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात तर पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडाव्या लागतात. तेथे यंत्राच्या गतीचीच परीक्षा होते. त्या प्रकारात २००४ अखेरपर्यंत आणखी दुबळे .२२ शॉर्ट काडतूस वापरले जाई. २००५ पासून लाँग रायफल सक्तीचे झाले.

म्हणूनच नियमावलीत बिघाडासाठी स्वतंत्र कलमे आहेत. चाप ओढूनही काडतूस फुसके निघाले, पुंगळी अडकली किंवा भाग तुटला, तर स्पर्धकाने नळी लक्ष्याच्या दिशेने ठेवून हात वर करायचा असतो. पंच पिस्तूल तपासतात. बिघाड ग्राह्य ठरल्यास नियमांनुसार मालिका पूर्ण करण्याची किंवा पुन्हा झाडण्याची संधी मिळते. मात्र तपासणीपूर्वी स्पर्धकाने यंत्राला हात लावला असेल, सेफ्टी काढायची राहिली असेल, काडतुसे कमी भरली असतील किंवा मॅगझिन नीट बसवले नसेल, तर बिघाड ग्राह्य धरला जात नाही आणि न झाडलेल्या गोळ्यांचे गुण जातात. स्पर्धकाला वाजवी काळजी घेऊन टाळता आला असता असा बिघाडही याच वर्गात मोडतो. शस्त्राची निगा हा या खेळात अशा प्रकारे गुणांचा भाग बनतो.

सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवान येथील विश्वचषक स्पर्धेत या प्रकाराचे सुवर्णपदक पटकावले. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अंतिम फेरीअखेर त्यांचे आणि थायलंडच्या स्पर्धकाचे ३४ गुण बरोबरीत राहिले. निकाल जादा मालिकांनी लागला आणि सुवर्णपदक सरनोबत यांना मिळाले. एका गोळीवर निकाल फिरणाऱ्या अशा क्षणी एखादे फुसके काडतूस काय करू शकते, हे वेगळे सांगायला नको. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड होऊन बराच वेळ वाया गेला व त्यांची अंतिम फेरी हुकली. ते हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल होते, काडतुसाचे नव्हे. शस्त्र अडले तर वर्षांची तयारी कशी अडते, याचे मात्र ते ठळक उदाहरण आहे.

काडतुसांची निवड आणि निगा

अव्वल नेमबाज काडतुसांची निवड कंपनीच्या नावावर सोडत नाहीत. एकाच कंपनीच्या एकाच प्रकाराच्या दोन घाण्यांतही फरक पडतो. त्यामुळे आपल्या नळीतून वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे झाडून पाहून जी सर्वांत जुळतात, त्यांचाच साठा घेतला जातो. इंग्लंडची एली आणि लापुआ या कंपन्यांची काडतुसे स्पर्धांत प्रचलित आहेत. अर्धस्वयंचलित पिस्तुलासाठी निवड करताना अचूकतेइतकेच यंत्र निर्वेध चालण्याला महत्त्व द्यावे लागते.

कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते आणि राधानगरी-गगनबावडा परिसरात तर पाऊस धो धो कोसळतो. रिमफायर काडतुसात गोळी आणि पुंगळी यांचा सांधा लष्करी काडतुसाप्रमाणे पाणीबंद केलेला नसतो. म्हणून काडतुसे कोरड्या, बंद डब्यात ठेवणे आवश्यक ठरते. चेंबर, बोल्टचे तोंड आणि पुंगळी ओढणारा आकडा यांवरील मळ नियमित काढावा लागतो. तेल मात्र बेताचेच हवे. जादा तेलात काजळी कालवून लापशीसारखी घट्ट होते. रिकाम्या रायफलीचा चाप वारंवार ओढणेही जुन्या रचनांना मानवत नाही. कडेवर आदळायची पिन मग चेंबरच्या काठावर आदळते, तेथे खोक पडते आणि काडतूस बसेनासे होते.

बार न झाल्यास लगेच बोल्ट उघडू नये. दारू कधीकधी उशिरा पेटते, म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबण्याचा संकेत आहे. बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी झाडण्यापूर्वी शस्त्र रिकामे करून नळीत गोळी अडकलेली नाही ना, याची खात्री करावी. पुंगळी व्यवस्थित बाहेर पडल्यामुळे अर्धस्वयंचलित शस्त्रात पुढचे काडतूस आपोआप आत आलेले असू शकते, आणि अडलेल्या गोळीमागे दुसरी झाडली गेल्यास नळी फुगते किंवा फाटते.

भारतातील वापर

राष्ट्रीय छात्रसेनेत प्रशिक्षणासाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या पॉइंट टू-टू रायफली हाताने बोल्ट ओढायच्या आहेत. कमी धक्का, कमी आवाज आणि स्वस्त काडतूस यांमुळे नवशिक्यांना त्या सोयीच्या पडतात. प्रत्येक बारानंतर बोल्ट स्वतः ओढावा लागल्याने शस्त्राची स्थिती प्रशिक्षणार्थीच्या ध्यानात राहते, हा अधिकचा लाभ. क्रीडा नेमबाजीचे नियमन करणारी भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची मावळणकर स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. रिमफायर असली तरी ही सर्व शस्त्रे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येतात आणि परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकासाठी शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. नेमबाजी खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.