न धुतलेले खडक

‘टॉरी कॅन्यन’ या तेलवाहू जहाजाच्या अपघाताची कागदपत्रं वाचायला घेतली की एक गोष्ट लगेच खटकते. जहाज खडकावर कसं चढलं, याचा हिशेब मिनिटामिनिटाचा मिळतो. त्यानंतर सरकारने काय केलं, याचा हिशेब मात्र विखुरलेला आहे. काही एप्रिल १९६७च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेत, काही पार्लमेंटच्या कामकाजात आणि सर्वांत महत्त्वाचा भाग प्लिमथच्या सागरी जीवशास्त्रज्ञांनी १९६८मध्ये काढलेल्या एका पुस्तकात. हे सारं शेजारी शेजारी ठेवून वाचावं लागतं.

आधी अपघात. १८ मार्च १९६७, शनिवार. कुवेतचं सुमारे १,१९,००० टन कच्चं तेल भरलेलं जहाज वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदराकडे चाललं होतं. त्या रात्रीची भरती चुकली असती, तर इतक्या खोल बुडणाऱ्या जहाजाला आत शिरण्यापुरतं पाणी मिळायला पाच-सहा दिवस थांबावं लागलं असतं. कप्तान पास्त्रेंगो रुजियाती यांनी वेळ वाचवण्यासाठी सिली बेटं आणि सेव्हन स्टोन्सचे खडक यांच्यामधली वाट धरली. खडक जवळ आल्यावर त्यांनी सुकाणूचं चाक फिरवलं. चाक फिरलं, जहाज वळलं नाही. सुकाणू हाताने चालवायचं की यंत्रावर सोडायचं, हे ठरवणारा एक खटका असतो. तो भलत्याच जागी होता. हे ध्यानात येऊन खटका सरकवेपर्यंत उशीर झाला होता. सकाळी ८ वाजून ५० मिनिटांनी जहाज पोलार्ड्स रॉकवर चढलं. लायबेरियाच्या चौकशी मंडळाने सगळा दोष कप्तानावर ठेवला आणि त्यांचा परवाना काढून घेतला. एक माणूस, एक खटका, एक निकाल.

आता सरकार. जहाजावर झेंडा लायबेरियाचा, मालक कंपनीचा पत्ता बर्म्युडाचा, जहाज दीर्घ मुदतीने भाड्याने घेतलेलं अमेरिकन कंपनीने, त्या फेरीतलं तेल ब्रिटिश कंपनीसाठी आणि खडक ब्रिटनच्या सागरी हद्दीबाहेर. कॉर्नवॉलचा किनारा मात्र ब्रिटनचाच होता. नौदलाच्या नौका तेलाच्या तवंगावर डिटर्जंट फवारू लागल्या. अडकलेली जहाजं सोडवणारी एक डच कंपनी हे जहाज खडकावरून ओढून काढायच्या खटपटीत होती. २१ मार्चला जहाजावर स्फोट झाला आणि कंपनीच्या पथकाचा प्रमुख मरण पावला. ईस्टरच्या सुट्टीत तेल कॉर्नवॉलच्या पुळणींवर आलं. ईस्टरच्याच दिवशी, २६ मार्चला, जहाजाचा कणा मोडला. २८ तारखेपासून विमानांनी बॉम्ब टाकले, आग धरून राहावी म्हणून विमानाचं इंधन ओतलं, नापामही वापरला. भरतीच्या लाटांनी आग विझायची आणि विमानं पुन्हा यायची. ३० मार्चला हे थांबलं.

बॉम्ब टाकायला दहा दिवस का लावले, हाच प्रश्न तेव्हा सर्वांत मोठ्याने विचारला गेला. श्वेतपत्रिकेचं म्हणणं असं की जहाज सुटण्याची आशा होती तोवर ते फोडणं म्हणजे उरलेलं सगळं तेल आपल्या हातांनी समुद्रात सोडणं. मला हे पटतं. जहाज शाबूत असताना बॉम्ब टाकले असते आणि तेल पेटलं नसतं, तर त्याच सरकारला वेगळ्या शब्दांत तोच जाब विचारला गेला असता. उत्तर मागायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती वर्तमानपत्रांच्या छायाचित्रांत बॉम्बइतकी उठून दिसणारी नव्हती.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागलेलं तेल सुमारे १४,००० टन होतं. त्यावर वापरलेलं डिटर्जंट सुमारे १०,००० टन. हे दोन आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. घरात सांडलेलं तेल पुसायला साबण वापरतो तसं हे साधं काम नव्हतं. त्या डिटर्जंटमध्ये तेल विरघळवण्यासाठी घातलेला खनिज तेलाचा द्रावक असे आणि तोच सागरी जीवांसाठी जहर होता. प्लिमथच्या प्रयोगशाळेने नेहमीची कामं बाजूला ठेवली, ‘सार्सिया’ ही आपली संशोधननौका समुद्रात काढली आणि माणसं खडकाखडकावर पाठवली. त्यांच्या चाचण्यांत दहा लाख भाग पाण्यात मोजके काही भाग डिटर्जंट मिसळलं, तरी अनेक प्राणी मेले.

किनाऱ्यावर सैनिक, अग्निशमन दलाचे जवान आणि स्थानिक लोक पिंपंच्या पिंपं ओतत होते. उन्हाळी पर्यटनावर जगणारा मुलूख तो. पुळणी मोसमाआधी स्वच्छ दिसाव्यात, ही घाई खरी होती आणि तिच्यामागे लोकांची पोटं होती. ओतणाऱ्या हातांना मी दोष देणार नाही. पण काय ओतायचं, किती आणि कुठे थांबायचं, हे वरून ठरत होतं. कप्तानाच्या खटक्याची जशी चौकशी झाली, तशी या निर्णयाची व्हायला हवी होती.

पैशांचा जाबही असाच हुलकावणी देत राहिला. जहाज बुडालेलं, त्यामुळे अमेरिकन कायद्याच्या आधारे मालकांनी आपली जबाबदारी वाचलेल्या एका जीवरक्षक होडीच्या किमतीपुरती, ५० डॉलरपुरती, असल्याचं मांडलं. ब्रिटनने वाट पाहिली. त्याच मालकीचं ‘लेक पालूर्द’ जहाज जुलैमध्ये सिंगापूरला आलं तेव्हा त्यावर न्यायालयाची नोटीस बजावली गेली. नोव्हेंबर १९६९मध्ये तेलाचा फटका बसलेल्या ब्रिटन आणि फ्रान्सला मिळून ३० लाख पौंड देण्यावर तडजोड झाली. त्याच महिन्यात ब्रसेल्समध्ये तेलवाहू जहाजांच्या मालकांवर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकणारा आंतरराष्ट्रीय करार झाला.

त्या कराराची मर्यादा आपल्या किनाऱ्याने पाहिली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ यांची टक्कर झाली आणि ‘चित्रा’तून शेकडो टन तेल सांडलं. ते उरण-अलिबागच्या बाजूच्या कांदळवनांत शिरलं, ऐन मोसमात मासळीचा बाजार बसला. पण ‘चित्रा’ कंटेनरचं जहाज होतं. सांडलेलं तेल तिच्या स्वतःच्या इंजिनाचं, मालाचं नव्हे. ब्रसेल्सचा करार तेलवाहू जहाजांसाठी घडवलेला. इतर जहाजांच्या इंधनतेलासाठीच्या वेगळ्या करारात भारत सामील झाला तो २०१५मध्ये.

कॉर्नवॉलला परत जाऊ, कारण तिथली सर्वांत भरवशाची साक्ष कुठल्याही कचेरीत नाही. गॉड्रेव्ही पॉइंटवर सील राहतात, म्हणून तिथल्या खडकांवर फवारणी केली नाही. तेल तसंच राहिलं. टोपीच्या आकाराच्या शिंपल्यात राहणारे, खडकाला घट्ट चिकटून शेवाळ खरवडून खाणारे लिंपेट नावाचे प्राणी तिथे बहुतांशी वाचले आणि तेलाने माखलेला खडकही खरवडत राहिले. पोर्थलेव्हनला भरपूर फवारणी झाली. तिथे लिंपेट मेले, खरवडणारं कोणी उरलं नाही आणि काही महिन्यांत खडक हिरव्या शेवाळाने झाकले गेले. शेवाळावर तपकिरी समुद्रवनस्पती वाढल्या. त्यांच्या आडोशाला लिंपेटची नवी पिढी इतकी दाट आली की सगळी वनस्पती खाऊन संपली आणि ते उपाशी मरू लागले. प्लिमथचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तेच खडक मोजत राहिले. त्यांचा लेख १९७८मध्ये छापून आला. गॉड्रेव्ही दोन-तीन वर्षांत सावरलं होतं. पोर्थलेव्हनचे खडक दहा वर्षांनंतरही पूर्ववत झालेले नव्हते.