हर्णैचा सुवर्णदुर्ग

आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे कोकणात आहेत. कुलदैवताला जाताना अंजर्ल्याच्या कड्यावरच्या उजव्या सोंडेच्या गणपतीचे दर्शनही होते. खाडीपलीकडच्या हर्णैला मात्र आम्ही मंडळी थांबतो ती बहुधा मासळीसाठी. त्यात वावगे काही नाही. होड्यांतून उतरलेला माल बैलगाड्यांतून पुळणीवर येतो आणि पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग मांडून लिलाव पुकारला जातो, तो पाहण्यासारखाच असतो. पाजपंढरीच्या कोळणींशी भाव करण्याच्या भानगडीत न पडलेले बरे!

पण या बाजाराच्या समोरच, पाण्यात, सुवर्णदुर्ग उभा आहे. किनाऱ्यावर त्याला राखणारे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन लहान किल्ले. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. कान्होजी आंग्र्यांची उमेदीची वर्षे याच सुवर्णदुर्गाशी जोडलेली आहेत. त्यांच्या हयातीत, म्हणजे १७२९ पर्यंत, इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही या किनाऱ्यावर आंग्र्यांचा दस्तक मानावा लागे किंवा लढावे लागे.

पुढे घरात फूट पडली. कान्होजींचा मुलगा तुळाजी पेशव्यांना जुमानेना. भाऊ मानाजीशीही त्याचे वैर. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्स 'प्रोटेक्टर' जहाज घेऊन हर्णैसमोर आला. जमिनीवरून मराठी फौज, समुद्रातून इंग्रजी तोफा. किल्ल्यातल्या गवती छपरांना आग लागली, ती दारूकोठाराला भिडली आणि काही दिवसांतच सुवर्णदुर्ग पडला. किल्ला पेशव्यांना मिळाला. सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट इंग्रजांकडे राहिले. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी कैदेतच मेला.

आम्हा बडोदेकरांना या सनावळीत एक गोष्ट टोचते. सुवर्णदुर्गाच्या आधी दोनच वर्षे, १७५३ मध्ये, रघुनाथराव आणि दमाजीराव गायकवाडांनी अहमदाबाद घेतले होते. ज्या लाटेवर आपले पूर्वज गुजरातेत आणि माळव्यात स्थिरावले, तिच्याच भरात स्वतःच्या समुद्राचे दार परक्याच्या मदतीने मोडले गेले. तुळाजी काही साधुपुरुष नव्हता, कोकणच्या प्रजेनेही त्याचा जाच सोसला. तरीही त्याला आवरण्याची ही किंमत फार मोठी होती, असेच आमचे मत आहे. आरमार एकदा जळाले की ते घोडदळासारखे दसऱ्याला पुन्हा उभे राहत नाही. सागवान, सुतार, तांडेल, सगळे नव्याने जुळवावे लागते.

इंग्रजांना या विजयाचे मोल कळले होते. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिलवर एक बुरूज बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचेच नाव दिले: 'सेव्हर्नड्रूग'. तो आजही उभा आहे. आपल्याकडे जागतिक वारशाच्या यादीत सुवर्णदुर्ग आला तो २०२५ मध्ये.

पावसाळ्यात होड्या जात नाहीत, तेव्हा दिवाळीनंतर जावे. भरती-ओहोटीची वेळ कोळ्यांनाच विचारावी. दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि बाजूच्या तटावरचा मारुती चुकवू नये. आत झाडोरा माजला आहे, पण तटावर चढून पाहिले की चारी बाजूंना पाणी आणि समोर हर्णैच्या होड्या दिसतात.