स्मरणवह्या, शिक्षक महाविद्यालयांतील (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्मल स्कुलांत (शिक्षक घडवणाऱ्या शाळांत) आणि पुढे त्यांतूनच उभ्या राहिलेल्या शिक्षक महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः छात्राध्यापिकांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत राखलेल्या चिकटवह्या, स्वाक्षरीवह्या व फोटोंचे अल्बम. नाटकांच्या व वादसभांच्या कार्यक्रमपत्रिका, नृत्यातील जोडीदारांची नावे टिपण्यासाठी बारीक पेन्सिल बांधलेली कार्डे, वर्गाच्या रंगाच्या फिती, वाळलेली फुले, सामन्यांची तिकिटे, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि पदवीदानाची निमंत्रणे असा ऐवज त्यांत असतो. या संस्थांची वारस असलेल्या अनेक विद्यापीठांच्या अभिलेखागारांत अशा वह्या जपलेल्या आहेत. हौसेची चीज म्हणून त्यांना बाजूला सारणे चुकीचे आहे. तरुण मुलींनी शिक्षकी पेशा कसा अंगी बाणवला, याचा तो अव्वल पुरावा आहे. हा पुरावा सुट्या वस्तूंत थोडा आणि त्या कोणत्या क्रमाने, कशाशेजारी लावल्या यात अधिक आहे. म्हणून वही अखंड राहिली तरच तो टिकतो.

मॅसॅचूसेट्समधील लेक्सिंग्टन येथे ३ जुलै १८३९ रोजी देशातील पहिले सरकारी नॉर्मल स्कूल उघडले, तेव्हा प्राचार्य सायरस पीअर्स यांच्यापुढे तीनच विद्यार्थिनी होत्या. पीअर्स विद्यार्थिनींकडून रोजनिशी लिहवून घेत आणि ती तपासत. मेरी स्विफ्ट या विद्यार्थिनीची रोजनिशी पीअर्स यांच्या स्वतःच्या रोजनिशीसह १९२६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तो दस्तऐवज मोलाचा असला, तरी गुरूच्या नजरेखाली लिहिलेला आहे. याउलट विसाव्या शतकातील स्मरणवही अभ्यासक्रमाचा भाग नव्हती आणि तिला गुण मिळत नव्हते. दरम्यान संस्थाही बदलत होत्या. मिशिगनमधील इप्सिलँटीचे नॉर्मल स्कूल १८९९ मध्ये नॉर्मल कॉलेज झाले, तर आयोवातील सीडर फॉल्सची संस्था १९०९ पासून शिक्षक महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. या स्थित्यंतराचा अधिकृत इतिहास माहितीपत्रके, अहवाल व हजेरीपट यांतून लिहिता येतो. त्यांतून संस्थेला कशा शिक्षिका घडवायच्या होत्या ते समजते. घडणाऱ्या मुलींना त्यातले काय महत्त्वाचे वाटले, हे मात्र त्या कागदांत येत नाही.

स्मरणवहीचा प्रसार स्वस्त साधनांमुळे झाला. पानांवर आधीच गोंदाचे पट्टे असलेल्या चिकटवहीचे पेटंट मार्क ट्वेन याने १८७३ मध्ये घेतले होते. १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा बाजारात आला आणि फोटो काढण्यासाठी व्यावसायिक छायाचित्रकाराची गरज उरली नाही. मार्च १९०७ पासून पोस्टकार्डाच्या पत्त्याच्या बाजूवरच मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली, त्यामुळे दुसरी बाजू संपूर्ण चित्राला मोकळी झाली. १९१४ च्या ऑटोग्राफिक कॅमेऱ्यात फिल्मवरच तारीख व टिपण लिहिण्याची सोय होती; अशा नोंदी आज कालनिश्चितीला उपयोगी पडतात. वर्गाचे फूल, घोषवाक्य, शिक्षक, स्वाक्षऱ्या, भेटवस्तू असे मथळे छापलेल्या तयार वह्याही विकल्या जात. या छापील साच्यामुळे सर्व वह्या एकसारख्या झाल्या, असा आक्षेप घेतला जातो. परंतु साचा ठरलेला असल्यामुळेच त्यापासून घेतलेली फारकत ठळकपणे दिसते. भेटवस्तूंचे पान कोरे ठेवून शिक्षकांच्या पानावर सरावशाळेतील मुलांचे फोटो लावले असतील, तर ती निवड वहीच्या मालकिणीची आहे.

वहीचा क्रम का महत्त्वाचा, ते सराव पाठांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नॉर्मल स्कुलांत सरावशाळा असे आणि मार्गदर्शक शिक्षिकेच्या देखरेखीखाली सराव पाठ घ्यावे लागत. पाठाच्या टाचणावरील शेरा शैक्षणिक कागदपत्रांत ठेवला, तर त्यातून अध्यापनपद्धती कळते. तोच शेरा साहित्य मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या व वसतिगृहातील मैत्रिणींच्या फोटोच्या मध्ये चिकटवलेला आढळला, तर व्यासपीठावर बोलणे, टीका ऐकून घेणे आणि सहकाऱ्यांचा गोतावळा जमवणे ही एकाच घडणीची अंगे होती, असे अनुमान करता येते. शिक्षणेतिहासकार क्रिस्टीन ऑग्रन यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात नॉर्मल स्कुलांचे असे चित्र मांडले आहे की, अन्य उच्चशिक्षणापासून दूर राहिलेल्या थरांतील मुलींनाही तेथे बौद्धिक व सार्वजनिक जीवन लाभले. स्मरणवह्यांचा पुरावा या मताला पुष्टी देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या वह्यांत आनंदाचेच क्षण येतात. नापास होणे, पैशाची ओढाताण, घरची आठवण यांना जागा नसते. हे बहुतांशी खरे आहे. पण वगळणे हीसुद्धा माहिती आहे. त्या काळी अनेक ठिकाणी विवाहित स्त्रीला शिक्षिकेची नोकरी दिली जात नसे. म्हणजे शिक्षणानंतरची स्वतंत्र मिळकतीची वर्षे अनेकींसाठी मर्यादित होती. ज्या मुलीला हे ठाऊक होते, तिने सभा, सहली, निवडणुका आणि मैत्री यांची नोंद अगत्याने ठेवली, याचा अर्थ ती भाबडी होती असा होत नाही. कोणते आयुष्य जपण्याजोगे आहे, याचा तो तिने दिलेला निर्णय आहे. दुःखाचा शोध अन्य साधनांत घ्यावा. या निर्णयाचा शोध मात्र येथेच लागतो.

तिसरा आक्षेप प्रातिनिधिकतेचा आहे. वेळ, पैसा आणि वही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे घर ज्यांना मिळाले, त्यांच्याच वह्या टिकल्या. वंशभेदाच्या व्यवस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संस्था वेगळ्या होत्या आणि त्यांचे जीवन अनेकदा दुसऱ्यांनी टिपले. व्हर्जिनियातील हॅम्प्टन नॉर्मल अँड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूटची फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन हिने घेतलेली छायाचित्रे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. त्यांचा एक अल्बम पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पोहोचला व तेथे १९६६ मध्ये त्यावर प्रदर्शन भरले. काळजीपूर्वक रचलेल्या त्या दृश्यांत संस्थेची शिस्त व प्रगती दिसते, पण दृश्य कोणते असावे हे विद्यार्थ्यांनी ठरवलेले नाही. त्यामुळे हॅम्प्टनचा अल्बम हा स्मरणवहीला पर्याय ठरत नाही. उलट, पान कोणी रचले हा प्रश्न प्रत्येक संग्रहाला विचारला पाहिजे, हे त्यावरून सिद्ध होते. प्रातिनिधिकतेतील उणीव हे वह्या दुर्लक्षिण्याचे कारण नसून, कृष्णवर्णीय कुटुंबांत व माजी विद्यार्थी संघांत उरलेल्या वह्यांचा शोध घेण्याचे कारण आहे.

जतनाच्या दृष्टीने या वह्या अडचणीच्या असतात. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद ठिसूळ होतो, गोंदाचे डाग पडतात आणि फुलांतील रस शेजारच्या फोटोवर उतरतो. म्हणून वस्तू काढून प्रकारवार ठेवाव्यात, असे सुचवले जाते. परंतु तसे केल्यास वहीचा क्रमच नाहीसा होतो. मुलर, फेथ व फ्रुइन या डच अभिलेखपालांनी १८९८ च्या मार्गदर्शिकेत मूळ रचना राखण्याचे जे तत्त्व मांडले, ते येथेही लागू पडते. आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, पानांमध्ये आम्लमुक्त कागद घालावा आणि वस्तू अलग करणे अटळच असेल, तर तिची जागा नोंदवावी. सूचीत केवळ ‘चिकटवही, एक’ असे न लिहिता वहीची मालकीण, वर्ग, गाव आणि पुढील नोकरीचे ठिकाण नमूद केले, तर ती वही हजेरीपटाशी व शाळांच्या नेमणूक नोंदींशी जोडता येते. असे झाल्यावर अधिकृत कागदांत केवळ नावापुरती उरलेली शिक्षिका इतिहासात आपल्या निर्णयांसह उभी राहते.