चावी ठेवून जा

रविवारी सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी तोरणमाळला आमच्या गाडीचं इंजिन गेलं. ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, "असं अचानक?" अचानक काहीच झालं नाही. आधीचे ७२ तास इंजिन सांगत होतं. ते तास इथे क्रमाने लिहितो आहे, कारण अशा जुन्या, दमदार गाड्या आता आपल्याकडच्या अनेक घरांत आल्या आहेत आणि त्यातल्या एकीचा तरी जीव वाचावा असं मला मनापासून वाटतं.

गुरुवार, सकाळी ७.०५ : ७२ तास बाकी

नंदुरबार. डिसेंबरची थंडी, गावाबाहेरच्या पथारींवरून येणारा लाल मिरचीचा ठसका. गाडी २०११ ची, टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा वाल्व्ह. नवी असताना आम्हाला परवडली नसती. सेकंडहँड घेतली आणि जिवापाड जपली. सेल्फ मारला आणि बॉनेटखालून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे हलवावेत तसा. तीन सेकंद. मग इंजिन नेहमीसारखं मऊ चालू लागलं. "थंडीमुळे असेल," मी बायकोला म्हणालो.

गुरुवार, सकाळी ११.०५ : ६८ तास बाकी

गॅरेजमध्ये मेस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टायमिंगच्या कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग स्कॅनर जोडला. क्रँक आणि कॅमच्या मेळात ४ अंशांचा फरक दिसत होता.

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची बरोबर एक फेरी व्हावी लागते. हा मेळ टायमिंग चेन राखते. चेन सैल पडू नये म्हणून टेन्शनर असतो. त्यातला दट्ट्या ऑइलच्या दाबाने चेनला रेटून धरतो. इंजिन बंद झालं की दाब जातो, तेव्हा दट्ट्या मागे सरकू नये म्हणून त्याला दातेरी अडसर असतो. तो झिजला, की सकाळी ऑइल वर पोचेपर्यंत चेन मोकळी आपटते. मी ऐकलेले तीन सेकंद ते हेच.

"चेन लांबली आहे," मेस्त्री म्हणाले. पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन केसाएवढी झिजते आणि साऱ्या कड्यांची झीज मिळून चेन लांब होते. चेन, टेन्शनर, गाईड, दातेरी चक्रं, सील, नवे बोल्ट असा सगळा किट सुरतहून मागवायचा, चार दिवस, ४५,००० रुपये.

"भाऊ, चावी ठेवून जा. आता सेल्फ मारू नका."

"सारंगखेड्याची यात्रा झाली की आणतो," असं म्हणून मी चावी खिशात टाकली.

शुक्रवार, रात्री ९.०५ : ३४ तास बाकी

डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. जवळपास एक लिटर घातलं. टेन्शनर ज्या दाबावर जगतो, तो या ऑइलचाच. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

त्या रात्री मी वाचत बसलो ते दिलासा शोधण्यासाठी. टायमिंग बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावा लागतो, चेनला मात्र आयुष्यभर हात लावायला नको, असा आपल्याकडे समज आहे. इतिहास वेगळंच सांगतो. मर्सिडीझने १९८० च्या सुमाराला ३.८ लिटरच्या व्ही-८ इंजिनात एकेरी चेन दिली. ती झिजायला लागल्यावर पुन्हा दुहेरी करावी लागली. जॅग्वारच्या १९९० च्या दशकातल्या व्ही-८ इंजिनांत प्लास्टिकचे टेन्शनर तडकायचे, पुढे ते धातूचे आले. हे सगळं वाचलं, आणि तरी सकाळसाठी बॅगा भरल्या.

शनिवार, सकाळी १०.०५ : २१ तास बाकी

सारंगखेडा. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. एका व्यापाऱ्याने पांढऱ्या घोडीचे दात पाहिले, खूर उचलून पाहिला आणि मग तिला कडक जमिनीवर चालवलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. मान खाली घालून टापा ऐकत होता. चारांतली एक टाप जरा हलकी पडली, तसा त्याने हात झटकला आणि पुढे निघाला. मी लेकीला कौतुकाने म्हणालो, "बघ, कसा कानाने पारखतो!"

शनिवार, दुपारी ४.०५ : १५ तास बाकी

शहादा, म्हसावद, राणीपूर मागे पडलं आणि सातपुड्याची चढण लागली. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो अशी ओढत होती, की वळणावळणावर मला मेस्त्रींचं म्हणणं खोटं वाटू लागलं. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब भरपूर असतो, म्हणून आवाज नव्हता. दुखणं मात्र तिथेच होतं.

शनिवार, रात्री ९.३५ : साडेनऊ तास बाकी

तोरणमाळ अकराशे मीटरहून उंच. अंगावर काटा आणणारी थंडी. मुक्कामाच्या जागी गाडी चढावर, तोंड वर करून लावली. हँडब्रेक जुना, पुरता धरत नव्हता. वडिलांनी शिकवलं होतं, चढावर पहिला गिअर टाकायचा आणि चाकामागे दगड लावायचा. तसंच केलं.

रात्रीतून गाडी एक वीतभर मागे सरकून दगडाला टेकली. चाक वीतभर मागे गेलं, की पहिल्या गिअरमध्ये क्रँक सव्वा फेरी उलटा फिरतो. क्रँक उलटा फिरला, की चेनचा सगळा ताण टेन्शनरच्या बाजूला येतो. दाब नाही, अडसर झिजलेला. दट्ट्या मागे बसला. वडिलांची शिकवण चुकीची नव्हती. आजारी इंजिनासाठी मात्र ती घातक ठरली.

रविवार, सकाळी ६.३५ : ३० मिनिटं बाकी

यशवंत तलावावर धुकं. ऑइल रात्रभर निथळून चेंबरमध्ये उतरलेलं, थंडीने घट्ट झालेलं. गाडी दगडाला टेकलेली मी पाहिली आणि दगड किती कामी आला म्हणून समाधान वाटलं.

रविवार, सकाळी ७.०५

चावी फिरवली. खिळ्यांचा डबा नाही, एकच कडक फटका. मग सेल्फ हलका, सुसाट फिरू लागला, जणू इंजिनात काही उरलंच नव्हतं. खरंच नव्हतं. कॉम्प्रेशन गेलं होतं. या इंजिनात पिस्टन आणि वाल्व्ह एकाच जागेत वेगवेगळ्या क्षणी येतात. ६,००० फेऱ्यांच्या वेगाने प्रत्येक वाल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि पिस्टन पोचायच्या आत मिटतो. चेनने दात सोडले तेव्हा वाल्व्ह उघडेच होते आणि पिस्टन वर येत होता.

"अहो, पुन्हा मारून बघा ना," बायको म्हणाली. मी चावी काढून घेतली. ७२ तासांतला माझा तेवढा एकच निर्णय बरोबर होता.

नंतर

गाडी ट्रकवर घालून घाट उतरवली. मेस्त्रींनी हेड उतरवलं. आठही इनटेक वाल्व्ह वाकलेले, पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढे चंद्रकोरीसारखे घाव. बिल १,६५,००० रुपये झालं आणि गाडी पाच आठवडे बंद राहिली.

मेस्त्री मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी-शेजारी टांगली. जुनी अर्ध्या कडीने लांब होती. एवढंच सगळं अंतर.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी एक तरुण तशीच जुनी टर्बो घेऊन आला होता. "सकाळी जरा खडखडते, पण लगेच थांबते," तो म्हणाला. मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला मान वळवली. त्याला परवाच्या लग्नाला सुरतला जायचं होतं. मी त्याला त्या खिळ्यापाशी नेलं आणि दोन्ही चेन त्याच्या हातात दिल्या. बराच वेळ त्या हातात धरून तो उभा राहिला. मग एसटीची वेळ विचारत त्याने चावी बाकावर ठेवली.