शिंप्याची मांडी: एका स्नायूच्या नावाची कुळकथा

मानवी देहातील सर्वांत लांब स्नायूला पाश्चात्त्य शारीरशास्त्रात ‘सार्टोरियस’ म्हणतात आणि ‘सार्टर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ शिंपी असल्याने हे नाव म्हणजे देहावर उमटलेली एका व्यवसायाची खूण आहे. कमरेवर हात ठेवला असता पुढच्या बाजूला बोटांना हाडाचा जो उंचवटा लागतो, तेथे हा स्नायू उगम पावतो. दोन-तीन बोटे रुंदीची ही पट्टी मांडीच्या पुढून तिरपी आतल्या बाजूस उतरते, गुडघ्याला आतून वळसा घालते आणि नडगीच्या वरच्या भागाला जाऊन चिकटते. प्रौढ माणसात तिची लांबी जवळपास अर्धा मीटर भरते. खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ती ओलांडत असल्यामुळे ती आकसली की मांडी उचलली जाते, थोडी फाकते, बाहेरच्या अंगाला वळते आणि त्याच वेळी गुडघाही दुमडतो. मराठीत ज्याला मांडी घालणे म्हणतात, त्याचेच हे सगळे तुकडे आहेत.

स्नायूंना एकेक नाव असणे ही तशी उशिराची गोष्ट आहे. सुश्रुतसंहितेने शरीरातील पेशी, म्हणजे स्नायू, पाचशे सांगितल्या आणि त्यांपैकी चारशे हातापायांत धरल्या, पण ती मोजदाद जागेनुसार होती; व्हेसेलियसने १५४३ च्या आपल्या ग्रंथात स्नायूंची अपूर्व चित्रे दिली, तरी त्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी पहिला, दुसरा असा क्रमांकानेच केला, आणि मोजणीची पद्धत बदलली की क्रमांकही बदलत. पादुआ येथे शारीरशास्त्र शिकवणारा फ्लेमिश वैद्य आद्रियान व्हान डेन स्पीगेल १६२५ मध्ये मरण पावला. त्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात, शिवताना पायावर पाय ठेवण्यासाठी शिंप्यांना या स्नायूचा सर्वाधिक उपयोग होतो, म्हणून त्याला शिंप्याचा स्नायू म्हणावे, असा खुलासा आढळतो.

त्या काळच्या विद्यार्थ्याला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नव्हती. युरोपातील शिंपी खिडकीलगतच्या रुंद मेजावर चढून पाय दुमडून बसत; त्यामुळे उजेड थेट हातावर पडे, कापडाचा पसारा मांडीवर मावे आणि शिवायला घेतलेला लांबरुंद अंगरखा जमिनीवरच्या धुळीत लोळत नसे. मात्र नाव बेतताना आसन आणि श्रम यांची थोडी गल्लत झाली, असे म्हणावे लागते. एकदा मांडी घालून बसले की पायांचा भार बैठकीवर टेकतो आणि हा स्नायू जवळजवळ मोकळा होतो. शिवाय मांडी बाहेर वळवण्याचा मुख्य जोर खुब्यामागच्या आखूड स्नायूंचा असतो, सार्टोरियसचा हातभार त्यात बेताचाच. शिंप्याची मान आणि पाठ दिवसभर जेवढी राबते, त्या मानाने त्याच्या नावाचा हा स्नायू आरामातच असतो.

पुढे व्यवसायाचे आसनच बदलले. तिमोनिये या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले, त्यानंतर पोटावर पाय येईल या धास्तीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातील यंत्रे फोडली. पण १८५१ मध्ये सिंगरचे यंत्र आले आणि यंत्रांची घोडदौड थांबली नाही. महाराष्ट्रात हाताने फिरवायचे मशीन बैठकीवर ठेवून चालवता येई, त्यामुळे मांडी मोडावी लागली नाही; पायमशीनने मात्र शिंप्याला स्टुलावर बसवले आणि काजे, बटणे, तुरपाई एवढीच हातशिलाई सतरंजीवर उरली.

शल्यविद्येत या स्नायूचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. मांडीच्या मधल्या भागात तो एका अरुंद बोगद्याचे छत होतो आणि त्या छताखालून पायाची मोठी धमनी गुडघ्यामागे जाते. तेथे धमनीची भिंत फुग्यासारखी फुगली की अठराव्या शतकात पर्सिव्हल पॉटसारखे नामवंत शल्यविशारदही पाय कापण्याचाच सल्ला देत. डिसेंबर १७८५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात जॉन हंटरने ४५ वर्षांच्या एका कोचवानाच्या बाबतीत निराळी वाट धरली: फुग्याला हात न लावता मांडीच्या आतल्या बाजूस छेद घेऊन त्याने सार्टोरियसची कड बाजूला सारली आणि खालची धमनी चार दोऱ्यांनी बांधली. बाजूच्या लहान रक्तवाहिन्या पायाला पुरेसे रक्त पोचवतील, हा त्याचा हिशेब बरोबर निघाला आणि कोचवान स्वतःच्या दोन्ही पायांनी कामावर परतला. सुमारे सव्वा वर्षाने तो तापाने मरण पावला, तेव्हा हंटरने तो पाय खटपट करून मिळवला आणि विच्छेदन करून पाहिला. तो बोगदा पुढे हंटरच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतरच्या वेदना कमी करण्यासाठी भूलतज्ज्ञ आज याच बोगद्यात बधिर करणारे औषध सोडतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर वाट चुकू नये म्हणून आधी सार्टोरियसची होडीसारखी आकृती शोधतात. घरी सोडताना अशा रुग्णाला सहसा एक पथ्य सांगितले जाते: यापुढे जमिनीवर मांडी घालून बसू नये.